बोटभर उंचीचा शिपाई

दिवाळीच्या दिवसांत पुण्यातील एखाद्या वाड्यात किंवा मुंबईतील चाळीच्या पटांगणात पाऊल टाकावे, तो दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांतून उभा राहिलेला एक किल्ला हटकून दृष्टीस पडतो. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, बुरुजाबुरुजावर ढालतलवार घेतलेले मावळे, उतारावर पेरलेल्या मोहरीचे कोवळे अंकुर, पायथ्याशी एखादी गवळण किंवा भाजीवाली, असा त्याचा थाट असतो. हे मावळे साच्यातून काढलेले असतात. सर्वांचा चेहरा एकाच गुलाबी रंगाचा, मिशी म्हणजे काळ्या रंगाचा एक फटकारा, अंगरखा लाल नाही तर पिवळा. त्याबद्दल कोणाचीही तक्रार नसते. किल्ला चार हातांवरून पाहावयाचा असतो आणि मुलांना मावळ्यांची संख्या हवी असते. त्यांतील अमुक एक मावळा कसा दिसतो, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

युरोप-अमेरिकेत या हौसेने प्रौढ वयातही माणसांचा पिच्छा सोडलेला नाही. शिसे, कथील, प्लॅस्टिक किंवा रेझिन यांच्या ओतीव शिपायांच्या फौजा जमवून टेबलावर लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्यांचा तेथे मोठा वर्ग आहे, आणि आता भारतातील शहरांतही असे हौशी आढळू लागले आहेत. या खेळाला वॉरगेम असे नाव आहे. खेळापूर्वी शिपाई रंगवावे लागतात. आणि रंगवता रंगवता काहींचे मन खेळातून उठून रंगात गुंतते. फौज बाजूला राहते, आणि एकच शिपाई हाती घेऊन हे लोक महिनाभर बसतात. पाहणाऱ्याला हा केवळ छंदातला छंद वाटेल. पण ज्याच्या बाबतीत हे घडते त्याची पाहण्याची रीतच पालटते, आणि रंगकामातील त्याची खरी प्रगती तेथूनच सुरू होते.

वॉरगेमला मुळात चेहऱ्याची गरजच नव्हती. प्रशियात राइस्वित्झ नावाच्या सरदाराने १८१२ मध्ये राजापुढे असा एक खेळ मांडला. त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यातील अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले आणि प्रशियाच्या सैन्याने ते आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलले. त्या खेळात शिपाई नव्हतेच. नकाशावर सरकवण्याचे छोटे आयताकृती ठोकळे होते, एका पक्षाचे तांबडे आणि दुसऱ्याचे निळे. ठोकळा म्हणजे एक पलटण. ती किती चालली, किती मेली, एवढाच हिशेब. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घरगुती केला. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ, म्हणून हलके आणि स्वस्त, असे शिपाई विकावयास आणले होते. तेच वेल्सने वापरले. खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी मारून ते पाडावयाचे असत. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती शहाणपणाचे, असा त्या पुस्तकाचा शेवटचा सूर आहे. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले. तेव्हा शिपायाला आकार आला, गणवेश आला. पण त्याचे काम ठोकळ्याचेच राहिले. तो मोजण्यासाठी आणि पाडण्यासाठी होता.

लंडनच्या चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये वॉटर्लूच्या रणांगणाची एक प्रचंड प्रतिकृती आहे. विल्यम सायबॉर्न या लष्करी अधिकाऱ्याने तीवर अनेक वर्षे खपून १८३८ मध्ये ती लोकांपुढे मांडली. १८ जून १८१५ च्या संध्याकाळी कोणती तुकडी कोठे उभी होती, हे त्याने त्या लढाईत हजर असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून विचारून घेतले होते. प्रतिकृतीत सत्तर हजारांहून अधिक शिपाई आहेत आणि प्रत्येक जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा. प्रशियाच्या फौजेचे स्थान वेलिंग्टनला मानवले नाही, तेव्हा सायबॉर्नने त्या फौजेतील कित्येक शिपाई काढून टाकले. इतिहासाच्या वादात तुकड्याच्या तुकड्या अशा चिमटीने उचलल्या गेल्या. त्यांतील एकाही शिपायाला चेहरा असता तर ते इतके सोपे गेले असते का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

याच्या उलट उदाहरण यॉर्कशरमधील एका पाद्र्याच्या घरचे आहे. १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी आपला मुलगा ब्रॅनवेल याच्यासाठी लीड्सहून बारा लाकडी शिपायांची पेटी आणली. शार्लट, एमिली आणि ॲन या बहिणींनी त्यांतला एकेक शिपाई उचलला आणि प्रत्येकीने आपल्या शिपायाला नाव दिले. शार्लटने आपल्याला वेलिंग्टन ठरवले, ब्रॅनवेलने बोनापार्ट. एमिलीचा शिपाई जरा गंभीर मुद्रेचा होता म्हणून त्याचे नावही तसेच पडले. या बाहुल्यांभोवती मुलांनी राज्ये रचली, इतिहास रचले, नखाएवढ्या अक्षरांची पुस्तके लिहिली; पुढे त्या बहिणींनी इंग्रजी कादंबरीत काय केले ते सर्वश्रुत आहे. शिपाई तेच, लाकडाचे. पण त्यांतला एक वेगळा काढून त्याच्या मुद्रेकडे पाहिले गेले. उत्तम रंगकार होऊ पाहणाऱ्याला नेमके हेच करावयाचे असते.

खेळासाठी रंगवण्याची पद्धत कशी असते हे आधी पाहिले पाहिजे, कारण ती वाईट पद्धत नव्हे. शंभर शिपाई रंगवावयाचे असतील तर माणूस वीसवीस शिपाई ओळीने मांडतो, आधी सगळ्यांच्या विजारी, मग सगळ्यांचे डगले, मग पट्टे. सपाट रंग वाळला की त्यावर गडद तपकिरी रंगाचे पाणी सोडतो. ते खोलगट जागी साचते आणि आपोआप छाया पडल्यासारखे दिसते. मग कोरड्या कुंचल्याला फिकट रंग जेमतेम लावून तो उंचवट्यांवर घासतो. तेथे उजाळा येतो. तीन हातांवरून पाहता फौज झकास दिसते. एकोणिसाव्या शतकात नुरेंबर्गच्या कथलाच्या शिपायांना घरोघरी बायका आणि मुले मजुरीवर रंग देत. त्यांचीही रीत याहून फारशी निराळी नसावी. या पद्धतीत हात चपळ होतो, रंग रेषेबाहेर जात नाही, काम पुरे करण्याची सवय लागते. मात्र एक गोष्ट घडत नाही. छाया कोठे पडावी हे रंगकार ठरवत नाही. ते साच्यातील खड्डे ठरवतात. म्हणून दहा वर्षे रंगवूनही दहाव्या वर्षीचा शिपाई दुसऱ्या वर्षीच्या शिपायासारखाच दिसतो, आणि माणूस महाग रंग आणि बारीक कुंचले विकत घेत सुटतो. दोष कुंचल्याचा नसतो.

पहिला धडा प्रकाशाचा असतो. खोलीत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगरख्याला खोल चुण्या पडतात, त्यांत काळोख साचतो, खांद्यावर उजेड झळकतो. तोच माणूस बोटभर उंचीचा केला म्हणजे चुणी अर्ध्या मिलिमीटरची होते. पण खोलीतला उजेड मात्र लहान होत नाही. तो त्या चुणीत सगळीकडून शिरतो आणि छाया पुसून टाकतो. म्हणून लहान मूर्तीवर छाया आणि उजेड दोन्ही रंगाने काढावे लागतात, आणि खऱ्यापेक्षा ठळक काढावे लागतात. नवशिक्याला हे धाडस होत नाही. तो लाल अंगरख्याला किंचित गडद लाल आणि किंचित फिकट लाल लावून थांबतो, आणि काम गुळमुळीत का दिसते याचा विचार करीत बसतो. यावर एक जुना उपाय आहे. मूर्तीला आधी काळ्या रंगाचे अस्तर द्यावे आणि मग ज्या दिशेने प्रकाश येतो असे मानावयाचे, त्या एकाच दिशेने, बहुधा वरून, पांढऱ्या रंगाचा हलका फवारा मारावा. कपाळ, नाकाचा शेंडा, खांदे, गुडघे पांढरे होतात; हनुवटीखाली आणि काखेत काळे राहते. तिचे छायाचित्र काढून समोर ठेवावे. नकाशा मिळाला, आता रंग त्या नकाशाबरहुकूम चढवावयाचे.

ज्याला हा धडा पक्का करावयाचा असेल त्याने नुरेंबर्गच्या चपट्या मूर्तींकडे वळावे. एर्न्स्ट हाइनरिक्सन याने १८३९ मध्ये तेथे या मूर्तींचा कारखाना काढला, आणि पुढे सुमारे तीस मिलिमीटर उंची ही या मूर्तींची ठरीव उंची होऊन बसली. पाटीच्या दगडात कोरलेल्या साच्यातून ही मूर्ती ओततात आणि तिची जाडी एखाद्या मिलिमीटरची असते. तिला पोट नाही, पाठ नाही. जे गोलाईचे भासते ते सारे रंगाने निर्माण करावयाचे. येथे खड्ड्यात साचणारे पाणी मदतीला येत नाही. ही मूर्ती रंगवणारा नकळत चित्रकार होतो. जर्मनीत कुल्मबाख गावी प्लासेनबुर्ग या किल्ल्यात अशा मूर्तींचे संग्रहालय आहे आणि तेथे लक्षावधी मूर्ती जपलेल्या आहेत.

साधनांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. डोळे रंगवावयाचे म्हणून अगदी तीन केसांचा कुंचला घेणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. असल्या कुंचल्यात रंग राहतच नाही. टोकाशी पोचेपर्यंत वाळून जातो. पोट भरलेला, टोक अणकुचीदार, एक किंवा दोन क्रमांकाचा कुंचला हवा. तो सायबेरियातील मुंगसासारख्या एका प्राण्याच्या केसांचा असला तर उत्तमच, पण चांगला कृत्रिम केसांचाही चालतो. आपल्याकडे पूर्वी मुंगसाच्या केसांचे कुंचले सर्रास मिळत. ते आता कायद्याने बंद आहेत आणि बंदच असावेत. रंग दुधाइतका पातळ करून त्याचे चार-पाच हात द्यावेत. एकाच हातात झाकून टाकण्याची घाई केली की मूर्तीची नाकडोळ्यांची रेखणी रंगाखाली बुजते. विदर्भात किंवा दिल्लीत उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग पाटीवरच वाळतो. त्यासाठी पसरट डबीत ओला स्पंज ठेवून त्यावर स्वयंपाकघरातला बटर पेपर पसरावा आणि रंग त्यावर घ्यावा. तो तासन्‌तास ओला राहतो. कोकणपट्टीत अडचण उलटी असते. पावसाळ्यात अस्तराचा फवारा मारला तर दमट हवेने ते दाणेदार किंवा पांढुरके उमटते. तेथे अस्तर कुंचल्याने द्यावे. कुंचल्याचे टोक ओठांत धरून सावरण्याची कित्येकांना सवय असते. काही रंगांत कॅडमियमसारखी विषारी द्रव्ये असतात, हे लक्षात घेता ती सवय मोडलेली बरी.

खरी परीक्षा चेहऱ्याची. खेळातील मूर्ती पेरभर, म्हणजे सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर उंचीची असते. तिचा डोळा एक मिलिमीटरही नसतो. म्हणून बोटभर, म्हणजे चौपन्न किंवा पंचाहत्तर मिलिमीटरची मूर्ती किंवा नुसता छातीपर्यंतचा पुतळा हाती घेणे हे पुढचे पाऊल ठरते. तेथे पहिल्यांदा कळते की, चेहऱ्याला एक रंग नसतो. गोऱ्या माणसाचे कपाळ पिवळसर, गाल, नाक आणि कान रक्ताच्या लालीचे, दाढीची जागा निळसर करडी असते. सावळ्या माणसाच्या छायेत जांभळट तांबूस रंग असतो आणि उजाळा पांढरा मिसळून येत नाही, तो गेरू आणि पिवळ्या मातीच्या अंगाने येतो. विकत मिळणाऱ्या रंगांच्या बाटल्यांवर ‘त्वचा’ असे लिहिलेले असले तरी ती बहुधा युरोपातली त्वचा असते. मावळा किंवा शीख शिपाई रंगवणाऱ्या भारतीय माणसाने त्या बाटलीवर विसंबून राहू नये. आरशासमोर दिवा ठेवून स्वतःच्या चेहऱ्याकडे आणि हाताच्या पाठीकडे पाहावे. तेवढा स्वस्त गुरू दुसरा नाही.

डोळ्यांच्या बाबतीत नवशिका पांढऱ्या गोलात काळा ठिपका देतो आणि शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसू लागतो. माणसाचे बुबुळ संपूर्ण दिसत नसते. वरच्या पापणीने त्याचा माथा झाकलेला असतो. डोळ्याचे पांढरे पांढरे नसते, किंचित करडे किंवा गुलाबी असते. वरच्या पापणीची कड गडद, खालची सौम्य. रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच सोपवतात, हे पुष्कळांनी पाहिलेले असेल. तेथे माती मळणारा, साचा भरणारा, अंगाला रंग देणारा वेगळा, आणि डोळे आखणारा वेगळा. मूर्ती कोणाकडे पाहते हे ठरवण्याचा तो क्षण असतो. बोटभर शिपायालाही दृष्टी दिली की तो कोठे तरी पाहू लागतो, आणि रंगकाराला त्यापुढचे प्रश्न पडू लागतात. हा थकला आहे का? किती दिवस चालतो आहे? याच्या बुटांवरचा चिखल ओला की वाळलेला? गुडघ्यावर ठिगळ असेल का?

येथे वॉरगेम मागे पडतो. तो सोडण्याचा निश्चय कोणी करीत नाही. हे प्रश्न खेळाच्या नियमांत बसत नाहीत एवढेच. ज्याच्या खांद्याच्या शिवणीवर आठ दिवस घालवले तो शिपाई तोफेपुढे उभा करून फासा टाकणे जड जाते. मग विषयही बदलतात. आज युरोपातील प्रदर्शनांत शिपायांच्या शेजारी म्हातारा कोळी, मूल कडेवर घेतलेली बाई, व्हायोलिन वाजवणारा भिकारी असे पुतळे दिसतात. शिकागोचे शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांनी पेटीत बसवलेल्या, आत दिवे असलेल्या, लहानशा झरोक्यातून पाहावयाच्या देखाव्यांमुळे मोठे नाव मिळवले. त्यांत मूर्तींइतकेच महत्त्व पेटीतील प्रकाशाला होते. त्यांनी पुरस्कारिलेली परीक्षणाची पद्धतही मोलाची आहे. स्पर्धकांना एकमेकांशी न झुंजवता प्रत्येक काम एका दर्जाशी ताडून पाहावयाचे. दहा कामे सुवर्णाच्या योग्यतेची असतील तर दहांना सुवर्णपदक. इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप या खेळ बनवणाऱ्या कंपनीची ‘गोल्डन डीमन’ स्पर्धा १९८७ पासून भरते आणि तिच्यातील सर्वश्रेष्ठ रंगकाराला खरीखुरी तलवार मिळते. खेळाच्या घरातूनच हा रंगकामाचा सन्मान निघावा, यात एक मौज आहे.

या वाटेवरही खाचखळगे आहेत. एक वर्ग गणवेशाच्या गुंड्या मोजण्यातच रमतो. १८१२ साली अमक्या पलटणीच्या कॉलरची पट्टी पिवळी की नारिंगी, यावर तो रात्र जागवील. शिपायाचा चेहरा मात्र मेणाचा राहील. दुसरा वर्ग रंगाच्या गुळगुळीतपणाला कला समजतो. एका छटेतून दुसरी छटा इतकी अलगद निघते की, जोड दिसत नाही. पण लोकर, चामडे आणि पोलाद ही तिन्ही सारखीच तुकतुकीत दिसतात. वास्तविक लोकर खरखरीत ठिपक्यांनी, चामडे ओरखड्यांनी, आणि चिलखत गडदफिकटाच्या तीव्र पट्ट्यांनी रंगवावयाचे असते. चिलखताच्या वरच्या भागात आभाळाचा निळा आणि खालच्या भागात जमिनीचा तपकिरी उतरवला की, चंदेरी रंगाचा थेंबही न वापरता धातू चमकतो. शिवाय फॅशन येथेही आहे. एखाद्या नामांकित रंगकाराने एका बाजूने निळा व दुसऱ्या बाजूने नारिंगी प्रकाश टाकला की, वर्षभर सगळ्या कपाटांत तोच प्रकाश. अशा वेळी रेम्ब्रांट किंवा कारावाज्जो यांची चित्रे उघडून बसावे. प्रकाश कोठे नाकारावयाचा हे त्यांच्याकडून जितके शिकता येते तितके कोणाही समकालीनाकडून शिकता येत नाही.

जुने वाईट काम विरघळवून पुसून टाकू नये. पहिला शिपाई, तोंडाचा रंग कानापर्यंत ओघळलेला, तसाच कपाटात ठेवावा. प्रगती मोजावयास दुसरे माप नाही. एका वेळी एकच गोष्ट शिकावी. या मूर्तीत फक्त चेहरा, पुढच्या मूर्तीत फक्त कापड. आणि काम अर्ध्यावर बिघडले तरी ते शेवटपर्यंत न्यावे, कारण बिघडलेले सुधारण्याचे कसब बिघडलेल्या मूर्तीवरच शिकता येते.

एक किंमत मात्र मोजावी लागते. खेळातला शिपाई मित्रांच्या हातांतून फिरतो, पडतो, त्याची तलवार मोडते, ती चिकटवतात. शनिवारच्या संध्याकाळी चार माणसे त्याच्याभोवती जमतात. कपाटातला पुतळा कोणी हातात घ्यावयाचा नसतो, आणि तो रंगवणारा एकटाच दिव्याखाली, डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो. म्हणूनच कित्येक चांगले रंगकार दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. फौजेसाठी सपाट रंग, स्वतःसाठी एखादी मूर्ती. हिशेब मात्र जमत नाही. ज्या महिन्यात तीस शिपायांची पलटण सहज पुरी झाली असती, त्या महिन्यात एक चेहरा होतो. उरलेले एकोणतीस शिपाई करड्या अस्तरातच खोक्यात पडून राहतात, आणि खेळाचे सोबती दर शनिवारी विचारतात, की पलटण केव्हा तयार होणार.